चिमणीम्होरची गाडी

पाडव्याच्या सकाळी पंचगंगेवरचं धुकं पार गल्लीत शिरलं होतं. गोठ्याच्या पत्र्यावरून टिपटिप गळत होतं. दिवाळी म्हणावी तर थंडी नाही, पावसाळा म्हणावा तर पाऊस नाही. नुसता अंगाला चिकटणारा गारवा, आणि त्यात शेणाचा वास जड होऊन खालीच बसलेला. स्नेहलनं शेण उचललं, पाणी मारलं, वैरण टाकली, एकेका म्हशीची धार काढून बादल्या आत नेल्या, आणि शेवटी चिमणीपाशी येऊन ती जरा उभीच राहिली.

चिमणी हे नाव ठेवणाऱ्याची अक्कल काढावी असं ते जनावर. पंढरपुरी जात. शिंगं खांद्याच्या मागं गेलेली, अंग असं की गोठ्यात शिरताना चौकटीला घासूनच शिरायची. काल दिवसभर तिला भादरून, तेल चोळून लख्ख केलं होतं. शिंगांना हुरमुजाचा लाल रंग लावला होता. कवड्यांची माळ आणि मोरपिसांचा तुरा आत खुंटीला होता, तो दुपारी चढायचा. दुपारनंतर म्हशी पळायच्या होत्या.

कोल्हापुरात पाडव्याला गवळी म्हशी पळवतात. मालक मोटारसायकलवर म्होरं, गाडीचा सायलेन्सर काढलेला, आवाजानं खिडक्यांची तावदानं थरथरतात. आणि मागं म्हैस. दावं नाही, काठी नाही, मोकळी, त्या आवाजाच्या मागं उधळलेली. दोन्हीकडं माणसांची भिंत. आपली गाडी सोडून जी म्हैस कुणाकडं बघत नाही, तिच्या मालकाची मान वर्षभर ताठ. स्नेहलच्या नवऱ्याची, सयाजीची मान अशी बरीच वर्षं ताठ राहिली होती.

यंदा मात्र सयाजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, आणि चिमणीच्या म्होरं गाडी धरणार होती क्रांती, त्यांची कॉलेजात शिकणारी लेक. रोज सकाळी शाहूपुरीपर्यंत दूध वाटायला तीच जायची, गाडी तिच्या हाताखालची होती, चिमणी तिच्या ओळखीची होती. सगळं बरोबर होतं. तरी स्नेहल पहाटेपासून दोनदा गाडीभोवती फिरून आली होती.

स्नेहल मुळातच भित्री. गल्लीत सगळ्यांना ठाऊक. गारगोटीच्या बाजारात वडलांचं वह्यापुस्तकांचं दुकान, त्या दुकानात वाढलेली पोर; लग्न होऊन या गोठ्यात आली तेव्हा म्हैस तिनं लांबूनच बघितलेली. पहिल्याच आठवड्यात एकीनं लाथ घातली, ती पार गव्हाणीत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी ती परत त्याच म्हशीच्या खाली बसली, तोंडानं काहीबाही बोलत. तिचं सगळं असंच. गॅसचा सिलिंडर बदलला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायची, झोपताना उठून परत बघायची. पाऊस गडगडला की मीटरचं बटण खाली करायची. भीती काही गेली नाही, पण भीती वाटते म्हणून तिनं कुठलं काम कधी सोडलंही नाही. सयाजी म्हणायचा, "ही बाई भिऊन भिऊन आमच्यापेक्षा जास्त काम करती."

पंधरवड्यापूर्वी सयाजी नदीकाठच्या रस्त्यावर चिमणीला सराव देत होता. सायलेन्सर काढलेला, गाडी भरधाव. एकाएकी इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी आवळलं, गाडी आडवी आणि सयाजीही आडवा. मागून येणारी चिमणी थांबणार कशी. तिनं उडी घेतली आणि तिचा खूर सयाजीच्या कानाशेजारी डांबरावर वाजला. सयाजी हे सांगताना, चिमणीनं मला वळखलं, म्हणून उडी मारली, असं सांगायचा आणि ऐकणारे वा वा करायचे. स्नेहलला त्यात काही वा वा दिसत नव्हतं. तिला नुसता कानाशेजारचा खूर दिसायचा, आणि अलीकडं तर त्या कानात क्रांतीचं डूल दिसायचं.

पिराजी मेस्त्रीनं इंजिन उघडून नवा पिस्टन घातला आणि पांढराफटक पडलेला प्लग सगळ्यांच्या नाकासमोर धरला. "ह्यो बघा. सायलेन्सर काढला की इंजनात वारं जास्त जातंय, पेट्रोल हाय तेवढंच. कोरडं जळतंय, तापतंय आणि धरतंय. सायलेन्सर काढून पळवायची असंल तर कार्बोरेटरचा मेन जेट मोठा घालायचा. न्हाईतर सयाजीदा, म्होरल्या बारीला इंजन घेऊन माझ्याकडं येऊ नका."

मेन जेट म्हणजे पेट्रोल ज्याच्या भोकातून इंजिनात जातं तो पितळेचा तुकडा. शर्टाच्या बटणापेक्षा बारका. पण मोठा जेट सायलेन्सर लावलेल्या गाडीला चालत नाही, धूर मारतो, आणि रोजचं दूध तर याच गाडीवर. म्हणून पाडव्याच्या सकाळी सायलेन्सर निघाला की पिराजीनं स्वतः येऊन जेट बदलायचा असं ठरलं होतं. जेट त्यानं आधीच पुडीत बांधून देऊन ठेवला होता.

आणि पाडव्याच्या सकाळी पिराजीचा फोन आला तो गारगोटीहून.

"वैनी, मी काय यीत न्हाई. बायकूला आणाय आलतो, तर सासऱ्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात बसलोय."

"अगंबाई. बरं हाईत का?"

"हाईत. डॉक्टर बोललाय, ग्यास हाय. पर सासूबाई मला सोडंनात. जेट सयाजीदाला बदलाय सांगा."

"त्यांचा हात प्लास्टरात हाय, भावजी."

"मग क्रांती करंल की. चार स्क्रू हाईत."

क्रांती तिथंच उभी होती, हाताला हुरमुज लागलेला. "आई, मी करतो की. त्यात काय हाय."

क्रांतीनं आजवर फिरवलेला कुठलाही स्क्रू परत सरळ निघाला नव्हता. मिक्सरच्या भांड्याची मूठ तिनंच आवळून मोडली होती. स्नेहलनं तिच्याकडं बघितलं, मग सयाजीकडं बघितलं. सयाजी डाव्या हातानं स्क्रू ड्रायव्हर धरून बघत होता आणि त्याचं टोक नुसतं हलत होतं.

"मी करती," स्नेहल म्हणाली.

"तू?" सयाजी हसला. "अगं, तू कुकरची शिट्टी झाली की लांब सरकतीस."

"म्हणूनच. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याच्या हातात मी त्ये देणार न्हाई. पोरीच्या खालची गाडी हाय ती."

तिनं आधी आत जाऊन गॅस बंद केला, सिलिंडरचा कॉक फिरवला. मग देवापुढचा दिवा मालवला.

"आज सणाचा दिवा इजवलास?" सयाजीनं आवाज चढवला.

"पेट्रोल उघडायचंय घरात. दिवा परत लागतोय. घर पेटलं तर परत मिळत न्हाई."

सकाळचं दूध वाटून झाल्यावर सयाजीनं डाव्या हातानंच सायलेन्सर सोडवला होता; तशीच गाडी ओसरीत घेतली. खाली मोठी परात ठेवली, भाकरीचं पीठ मळायची, म्हणजे काही पडलं तर परातीत पडेल, शेणात जाणार नाही. शेजारी दूध गाळायचं धुतलेलं फडकं पसरलं. सयाजी खाटेवर बसून सांगायला लागला.

"पयला पेट्रोलचा कॉक बंद कर. आता त्यो पट्टा ढिला कर, इंजनाकडचा. डावीकडं फिरव."

"फिरवलं."

"तुझ्या डावीकडं न्हाई, स्क्रूच्या."

"स्क्रूला डावं-उजवं मला कसं कळणार?"

"तुला बाराखडी येती, घड्याळ येतंय. घड्याळाच्या उलटं."

कार्बोरेटरचं वरचं झाकण फिरवून काढलं तसं स्प्रिंगसकट एक गुळगुळीत नळकांडं वर आलं, खाली लांब सुई लटकलेली. ॲक्सिलरेटरची केबल त्यालाच जोडलेली. "त्यो स्लायडर," सयाजी म्हणाला, "सुईला हात लावू नगं." ती सुई बघून स्नेहलला दवाखान्यात लस टोचतात तसं झालं. तिनं ते स्वच्छ कापडात गुंडाळून हँडलला अडकवलं. मग कार्बोरेटर ओढून बाहेर काढला. तळहातात आला तो जड, गार, पेट्रोलनं ओला. वासानं डोळ्यांत पाणी आलं.

खालच्या वाटीला चार स्क्रू. तीन आले. चौथा हलेना. तिनं जोर लावला तसं स्क्रू ड्रायव्हरचं टोक घसरलं आणि स्क्रूच्या डोक्यावर चकाकता ओरखडा उठला. तिचे हात थांबले.

"गेला," ती म्हणाली.

"न्हाई गेला. दाबून धर, मग फिरव. दाब जास्त, फिरवणं कमी."

तिनं श्वास रोखला, अंगाचा सगळा भार मनगटावर टाकला. स्क्रू कुरकुरला आणि सुटला. वाटी निघाली, त्यातलं पेट्रोल परातीत सांडलं. आत पांढरा तरंगता फ्लोट, आणि मधोमध तो पितळेचा जेट. एवढ्याशा वस्तूनं सयाजीला रस्त्यावर आडवं केलं होतं, हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तिनं तो हलक्या हातानं फिरवून काढला आणि पुडीतल्या नव्याशेजारी तळहातावर ठेवला.

दोन्ही सारखे. अगदी सारखे.

"हलू नकोस," क्रांती म्हणाली. तिनं मोबाइलचा कॅमेरा लावून मोठं करून बघितलं. एकावर पंच्याऐंशी, दुसऱ्यावर पंच्याण्णव. "ह्यो नवा."

"वाच परत."

क्रांतीनं परत वाचलं. स्नेहलनं तिला तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग जुना जेट सयाजीच्या डाव्या हातात दिला आणि नवा बसवायला घेतला. पितळ मऊ असतं, आवळून चालत नाही, एवढं पिराजीनं फोनवर बजावलं होतं.

"किती आवळू?"

"बसंल इतकं."

"म्हंजे किती?"

सयाजीनं विचार केला. "चुड्याला कासार तुझ्या हातात बांगडी चढवत हुता बघ. त्यानं मोडलीबी न्हाई, सुटलीबी न्हाई. तसं."

तिनं तसं केलं. वाटी, स्क्रू, पट्टे, वरचं झाकण. एकेक वस्तू फडक्यावरून उचलली, फडकं रिकामं झालं. फडकं झटकून बघितलं, परात तिरकी करून बघितली. काही उरलं नव्हतं. तरी तिच्या जिवाला आराम पडेना. सायलेन्सर काढलेल्या इंजिनाचं उघडं भोक गोठ्याकडं तोंड करून होतं.

"मार किक," सयाजी म्हणाला.

क्रांतीनं किक मारली.

गाडीनं एकदम टाहो फोडला. कुणी ॲक्सिलरेटर पिळला नव्हता, तरी इंजिन आपलं आपण चढत चाललं, चढत चाललं, ओसरीची कौलं वाजायला लागली, गोठ्यात म्हशींनी दावी ताणली, कुणाची तरी बादली लाथेनं उडाली. क्रांती मूठ उलटी फिरवत होती, काही फरक पडत नव्हता. स्नेहल तिथंच खिळून राहिली. तिच्या डोळ्यांपुढं गाडी फुटून ओसरी पेटली, पोर पेटली, सगळं पेटलं. सयाजीनं खाटेवरून झेप घेतली आणि डाव्या हातानं किल्ली फिरवली.

शांतता झाली. कान वाजत होते. निळा धूर कौलांखाली फिरत होता.

स्नेहल ओल्या फरशीवर बसली. "मी मोडली ती," ती म्हणाली. "पोरगी बसली असती म्हंजे? रस्त्यावर?"

सयाजीनं फोन उचलून पिराजीचा नंबर लावला. क्रांतीचा चेहरासुद्धा उतरला होता.

फोनवर पिराजीनं सगळं ऐकून घेतलं. "स्लायडर उलटा घातलाय, वैनी. त्याला एका अंगाला खाच असती, ती आतल्या पिनीवर बसाय पायजे. उलटा घातला की वरच लटकतोय, मग गाडी बोंबलणारच. पयल्यांदा सगळ्यांचं हुतंय."

"तुमचं झालतं?"

"माझं झालतं तवा गाडी सासऱ्याची हुती. म्हणून तर ह्यास्नी ग्यास हुतोय अजून." पिराजीला हसू आलं, मग कुणीतरी दटावलं असावं, तो हळू बोलायला लागला. "किक मारायच्या आधी मूठ पिळून सोडायची. आत टक्कन आवाज आला पायजे. त्यो आला न्हाई तर गाडी चालू करायची न्हाई. आणि पोरीला सांगा, पळताना दोन बोटं क्लचवर. इंजन धराय लागलं असं वाटलं की दाबायचा क्लच. चाक मोकळं हुतंय."

दुसऱ्यांदा वरचं झाकण उघडताना ती पहिल्यापेक्षा जास्त भ्यायली होती. पहिल्यांदा भीती नुसती ऐकीव होती, आता बघितलेली होती. खाच पिनीवर बसली. मूठ पिळली, सोडली. टक्. परत पिळली. टक्. क्रांती कंटाळून भिंतीला टेकेपर्यंत ती पिळत आणि ऐकत राहिली.

या खेपेला गाडी शहाण्यासारखी चालू झाली. क्रांती ती घेऊन नदीच्या रस्त्याला गेली आणि स्नेहल दारात उभी राहून आवाज ऐकत राहिली. आवाज लांब गेला, बारीक झाला, तुटला. तिनं चौकट धरली. मग तो परत सुरू झाला आणि जवळ येत गेला. प्लग काढून बघितला तर पिराजी म्हणाला होता तसा चहाच्या रंगाचा. स्नेहलला तो खवा आटताना कडेला धरतो त्या रंगाचा वाटला. तो रंग तिला कळत होता. खवा त्या रंगावर आला की जळत नाही, कच्चाही राहत नाही.

तिनं प्लग पुसून परत बसवला.

दुपारी माळ चढली, तुरा चढला. चिमणीला गल्लीत आणून मोकळी सोडली. क्रांतीनं तिच्यापुढं गाडी उभी करून मूठ पिळली. चिमणी ऐकत उभी राहिली. क्रांती दहा-वीस हात पुढं गेली, परत पिळली. चिमणीनं कान हलवले आणि शेजारच्या दारातलं तोरण खायला मान लांबवली.

क्रांती वळून आली. परत तेच. चिमणी जागची हललीच नाही.

समोरच्या गोठ्यातला धैर्यशील आपल्या म्हशीला घुंगरं बांधत बसला होता. "सयाजीदा, गाडी मुकी झाली व्हय?"

सयाजीला तोवर कळून चुकलं होतं. त्याची गाडी गल्लीत फटाका म्हणून ओळखली जायची. पळताना फाटफाट बार टाकायची, आणि लोकांना तेच आवडायचं. ते बार म्हणजे कोरडं जळणाऱ्या इंजिनाचंच लक्षण होतं. नव्या जेटनं ते थांबले होते. आता आवाज भरीव झाला होता, ढोलकीचा ढोल झाल्यासारखा. चिमणी तीन वर्षं बारांच्या मागं पळाली होती. ही गाडी तिच्या ओळखीची नव्हती.

सयाजीनं खिशातून जुना जेट काढला. "बदल परत."

"न्हाई," स्नेहल म्हणाली.

"अगं, येवढा येळ तर पळायचंय. नदीपातूर. नवा पिस्टन हाय, धरत न्हाई लगेच."

"गेल्या बारीलाबी नदीपातूरच जायचं हुतं."

"आई, मी दोन बोटं क्लचवर ठेवतो की," क्रांती म्हणाली. "म्हैस न्हाई पळाली तर गल्लीत तोंड दाखवायला जागा हाय का?"

"तोंड ऱ्हाईल तर दाखवशील." स्नेहलनं सयाजीच्या तळहातावरचा जेट उचलला आणि मुठीत आवळला. "ह्यो काय मी परत घालणार न्हाई. आणि तुमाला कुणाला घालता येत न्हाई."

सयाजी तिच्याकडं बघत राहिला. बायको असं बोलते हे त्याला नवीन होतं. "मग काय म्हशीला घरात बसवू? रंगवून?"

स्नेहल तशीच गोठ्याकडं वळली, आणि तिची बडबड सुरू झाली. घाबरली की ती बोलायला लागायची, कुणाशी असं नाही. "काय करावं माणसानं, हिकडं आड तिकडं हीर, पोर ऐकत न्हाई, बाप ऐकत न्हाई, सणाच्या दिवशी दिवा इजवला म्हणून बोलणी खाल्ली, जेवण तर अजून तसंच हाय, पुरणाच्या डाळीला कीड लागली का बघाय पायजे..."

मागं कवड्या वाजल्या. ती थांबली तर कवड्या थांबल्या. वळून बघितलं तर चिमणी तिच्या पदराला नाक लावून उभी होती.

लग्नानंतर पहिल्यांदा म्हशीखाली बसली तेव्हापासून ती अशीच धार काढायची, भीतीनं अखंड बोलत. म्हशींना वाटायचं धार काढताना माणसं असंच बोलतात. चिमणी तर जन्मली तिच्याच हातात. तिच्या कानात जन्मल्या क्षणापासून एकच आवाज पडत आला होता आणि तो गाडीचा नव्हता.

सयाजीला हे दिसलं. क्रांतीलाही दिसलं. स्नेहलला दिसलं तेव्हा तिनं पदर घट्ट आवळला, कारण यापुढं काय येणार ते तिला दोघांच्या आधी कळलं.

"न्हाई," ती म्हणाली. मग चिमणीच्या कपाळावरचा तुरा सरळ केला. मग म्हणाली, "ड्रेस घालून येती. साडीत बसता यायचं न्हाई."

क्रांतीच्या मागं ती उलटी बसली, पाठीला पाठ लावून, तोंड चिमणीकडं. दुधाच्या कॅनची लोखंडी चौकट दोन्ही हातांनी धरली. धैर्यशील हातातली घुंगरं तशीच ठेवून बघत राहिला.

"वैनी, त्वांड चुकलं की तुमचं."

"तुमच्या म्हशीला बघाय बसलीया," स्नेहल म्हणाली, पण आवाज इतका कोरडा आला की कुणी हसलं नाही.

रस्त्यावर माणसं दाटली होती. हलगी वाजत होती. पुढच्या कुणाची तरी म्हैस पळून गेली आणि गर्दी परत दोन्हीकडं फाकली. क्रांतीनं मूठ पिळली. आवाज स्नेहलच्या कण्यातून वर चढला. चौकट हातात थरथरत होती.

"बोल की, आई."

चिमणी समोर उभी होती, एवढी जवळ की नाकावरचा दमटपणा दिसत होता. आजवर स्नेहलनं या जनावराला बाजूनं बघितलं होतं, कुशीला डोकं लावून. समोरून कधीच नाही. समोरून ती म्हैस नव्हतीच, दरवाजाएवढं काळं काहीतरी होतं.

"चिमणे," ती म्हणाली. "चल बाई. चल, ये, आज धार लवकर काढायचीय, पेंड भिजवलीया, बघ, ये..."

गाडी सुटली. चिमणी सुटली.

पहिल्यांदा ती नुसती दुडकी चालली. मग क्रांतीनं वेग वाढवला तशी मान खाली घातली आणि धावली. खुरांचा आवाज इंजिनावर चढला. तुऱ्यातलं एक पीस सुटून उडालं. स्नेहल बोलत होती, काय बोलत होती ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. भाजीचे भाव, गारगोटीचं दुकान, वैरणवाल्याला शिव्या, जे तोंडाला येईल ते. दोन्हीकडची माणसं मागं पळत गेलेल्या रंगांसारखी दिसत होती. ती त्यांच्याकडं बघतच नव्हती. तिला फक्त खूर दिसत होते, पुढचे दोन, एकामागं एक डांबरावर आपटणारे.

मधे एक चढ लागतो. तिथं क्रांतीनं जरा मूठ सोडली आणि परत पिळली, आणि गाडी गुदमरली. एक घोट, दोन घोट, पाणी नाकात गेल्यासारखी ठसकली. वेग पडला. चिमणीचा वेग पडला नाही. तिचं ओलं नाक स्नेहलच्या गुडघ्याला येऊन लागलं, गरम वाफारा मांडीवर आला, कवड्या चौकटीवर खळखळल्या. स्नेहलच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की स्क्रू घसरला होता तो चौथा आपण परत तपासला नाही. ओरडावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि त्यातून, "हळू गं बाई, हळू, सांडशील," असं निघालं, बादलीजवळ म्हणायची तसं.

चिमणीनं मान वर केली. पाऊल अडलं, अर्धंच.

तेवढ्यात इंजिनानं घसा मोकळा केला. भरीव, एकसारखा आवाज, आणि गाडी पुढं ओढली गेली. गुडघा आणि नाक यांच्यात परत हातभर जागा झाली. मग चार हात. मग रस्ता उतरायला लागला आणि नदी आली.

घाटाच्या अलीकडं क्रांतीनं गाडी थांबवली. चिमणी स्नेहलच्या समोर येऊन थांबली, बरगड्या खालीवर करत. लोक शिट्ट्या मारत होते. कुणीतरी क्रांतीच्या अंगावर गुलाल टाकला. क्रांती मागं वळून, "आई, झालं की, उतर," म्हणत होती, आणि स्नेहलची बोटं चौकटीवरून सुटत नव्हती. क्रांतीनंच एकेक बोट सोडवलं.

"प्लग बघ," स्नेहल म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता."

गरम प्लग फडक्यात धरून काढला. रंग तोच होता, खव्याचा. क्रांतीनं तो तिच्यापुढं धरला, मग आपणच निरखून बघितला, पहिल्यांदाच नीट. "मघा चढावर," ती हळू म्हणाली, "मी क्लच दाबला न्हाई, आई. मला काय सुचलंच न्हाई."

स्नेहलनं तिचा हात धरला. तसंच धरून त्या परत चालत आल्या. चढापाशी थांबलेला सयाजी तोवर येऊन पोचला होता, त्यानं गाडी डाव्या हातानं ढकलत आणली आणि चिमणी आपली आपण मागं आली. वाटेत लोक सयाजीला हाका मारत होते, तो मान हलवत होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो म्हणाला, "चढावर मी डोळं झाकलं हुतं." एवढंच.

घरात आल्यावर स्नेहलनं आधी दिवा लावला. मग ड्रेस बदलून जुनी साडी नेसली. दारात दुधाची गिऱ्हाईकं कासंड्या घेऊन उभी होती, सण म्हणून आज जरा जास्तच. कुणीतरी विचारलं, "आज उशीर झाला व्हय?"

"झाला," ती म्हणाली. "बसा जरा."

तिनं चिमणीच्या गळ्यातली माळ काढून खुंटीला लावली, कास कोमट पाण्यानं धुतली, मागचे पाय बांधले. बादली गुडघ्यात धरली. पहिल्या दोन धारा बादलीच्या बाहेर गेल्या. तिसरी आत पडली.

"क्रांती," तिनं आतून हाक मारली, "पेंड आण गं. आणि त्या काकूंची कासंडी पयली दे हिकडं."